चांदणी कोणाची?

"मावशी, पान १२८ वर तू जे लिहिलंयस ना, ते चूक आहे. क्यू पॉइंटर नाहीये गं."

भाच्याचा हा फोन आला तेव्हा पुस्तक छापून तीन महिने झाले होते. सी भाषेवरचं क्रमिक पुस्तक, पदविकेच्या पहिल्या वर्षासाठी, इंग्रजीतून मराठीत मी केलेलं. माझा खरा प्रांत हिंदीतल्या कथा-कादंबऱ्यांचा. पण कथांच्या भाषांतरावर घर चालत नाही, म्हणून अधूनमधून नियमावल्या, औषधांबरोबरची पत्रकं, यंत्रांच्या माहितीपुस्तिका करत असते. हे पुस्तक त्यांतलंच एक, पण जरा जास्त मनापासून केलेलं. भाचा बंगळुरूला हेच काम करतो, त्याने हौसेने एक प्रत मागवली होती. वाचेल असं मला वाटलं नव्हतं.

जी ओळ चुकली होती ती पुस्तकात रोमन लिपीत आहे. इथे देवनागरीत उतरवते:

इंट* पी, क्यू;

आणि तिच्याखाली माझं वाक्य: "येथे पी आणि क्यू हे दोन पॉइंटर घोषित केले आहेत."

ज्यांचा या गोष्टींशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने लावलेले खण, प्रत्येकाला क्रमांक. एखाद्या खणाला आपण नाव देतो आणि त्यात आकडा ठेवतो. इंट म्हणजे पूर्णांक, या खणात पूर्णांक राहील एवढंच तो शब्द सांगतो. पॉइंटर हाही एक खणच, पण त्यात दुसऱ्या खणाचा क्रमांक असतो. ग्रंथालयात पुस्तकाच्या जागी ठेवलेल्या चिठ्ठीसारखा: पुस्तक इथे नाही, अमुक कपाटात अमुक फळीवर पाहा. चिठ्ठीवरून पुस्तकापर्यंत जायचं असेल तर नावाच्या आधी ती चांदणी लावतात. पी म्हणजे चिठ्ठी, *पी म्हणजे चिठ्ठीत सांगितलेल्या जागी जे सापडेल ते. (समास शिकलेल्यांना मी सांगते की पॉइंटर म्हणजे बहुव्रीही. स्वतःबद्दल काही न सांगता तिसऱ्याकडेच बोट दाखवतो.)

तर वरच्या ओळीत पी हा पॉइंटर आहे. क्यू नाही. क्यू हा साधा पूर्णांकाचा खण. चांदणी इंटला चिकटून लिहिली तरी ती इंटची नसते. ती पीची असते, आणि एकट्या पीची. दोन्ही पॉइंटर हवे असतील तर दोनदा लिहावी लागते: इंट *पी, *क्यू;

आता माझा अपराध नीट सांगते. मूळ इंग्रजी पुस्तक दोघातिघांनी मिळून लिहिलेलं असावं, कारण काही प्रकरणांत चांदणी इंटजवळ होती, काहींत नावाजवळ, आणि एका प्रकरणात दोन्हींपासून अंतर राखून मधोमध उभी. मी भाच्याला तेव्हा एकदा विचारलंही होतं, की यातलं बरोबर कोणतं. तो म्हणाला, "तिन्ही चालतात. कंपायलर स्पेसकडे बघतच नाही." हे खरं आहे. मधली जागा अजिबात सोडली नाही तरी यंत्राला फरक पडत नाही. ते शब्द आणि चिन्हं वेगळी करून घेतं आणि मोकळ्या जागा टाकून देतं. मग वर्षानुवर्षं मुद्रितं तपासलेल्या बाईने जे केलं असतं तेच मी केलं. सगळीकडे एकसारखं करून टाकलं. चांदणी डावीकडे सरकवली.

डावीकडेच का, तर मला तसं वाचता येत होतं म्हणून. 'इंट*' म्हणजे 'पूर्णांकाचा पॉइंटर', हा एक प्रकार. 'पी' हे त्या प्रकारच्या वस्तूचं नाव. विशेषण, मग नाम. शिवाय शब्दाच्या आधी जोडून आलेली चांदणी मला बघवत नव्हती. ऐतिहासिक भाषाशास्त्रात तशी चांदणी जिथे लावतात, तो शब्द कुठल्याही लेखात सापडलेला नसतो, अभ्यासकांनी तर्काने उभा केलेला असतो. *पी पाहिलं की मला वाटायचं, हा पी कोणी कधी उच्चारलेलाच नाही. उलट शब्दानंतरची चांदणी म्हणजे तळटीप, खाली बघा. पॉइंटरला हे जास्त शोभतं, असं मला वाटलं होतं.

आणि एकदा चांदणी इंटला चिकटली की पुढची ओळ आपोआपच चुकीची वाचली जाते. मुळात वाक्य होतं, ही ओळ पी आणि क्यू घोषित करते. एवढंच. मी विद्यार्थ्यांवर दया म्हणून ते फोडलं, 'दोन पॉइंटर' घातले. भाषांतरातल्या निम्म्या चुका अज्ञानातून होतात आणि उरलेल्या निम्म्या अशा दयेतून.

"पण मग ती चांदणी इंटला चिकटवायची मुभा तरी कशाला दिलीय?" मी फोनवर चिडून विचारलं.

"मावशी, यावर लोक तीस-चाळीस वर्षं भांडतायत," तो म्हणाला. "तू आज आलीस."

त्यानंतर बरेच दिवस मी ते भांडण वाचत बसले. भांडण बाहेरून वाटतं तितकं पोरकट नाही.

सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. तिच्या आधी तिथेच केन थॉम्प्सन यांची 'बी' नावाची भाषा होती. बीमध्ये प्रकारच नव्हते. सगळे खण एका मापाचे, त्यांत आकडा आहे की पत्ता हे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचं. पत्त्यावरून वस्तूपर्यंत नेणारी चांदणी मात्र होती. म्हणजे चांदणी आधी क्रिया म्हणून आली, नंतर रिचींनी भाषेत प्रकार आणले. पॉइंटर घोषित कसा करायचा हा प्रश्न आल्यावर त्यांनी ठरवलं, की वस्तू जशी वापरायची तशीच घोषित करायची. पुढे *पी लिहिलं की पूर्णांक मिळणार आहे ना? मग आधी तेच सांगून ठेवा: इंट *पी. 'पी हा पूर्णांकाचा पॉइंटर आहे' असं ही ओळ म्हणत नाही. ती म्हणते, '*पी असं लिहाल तेव्हा पूर्णांक हाती येईल'. पी कोण आहे ते सांगायचं ती टाळते, त्याच्याशी कसं वागायचं तेवढं सांगते. १९७८ साली ब्रायन कर्निहन आणि रिची यांचं जे पुस्तक आलं, ज्यावर पुढच्या पिढ्या पोसल्या, त्यात चांदणी नावाजवळ आहे.

मग बियार्न स्ट्रूस्ट्रप आले. त्यांनी त्याच बेल लॅब्समध्ये १९७९पासून जी भाषा रचायला घेतली ती पुढे सी++ झाली, आणि तिचा सगळा भर प्रकारांवर होता. वस्तू कोण आहे हे आधी ठरवा, वागणूक त्यातून येईल. ते चांदणी इंटजवळ लिहितात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की यात चूक-बरोबर काही नाही, कशावर जोर द्यायचा एवढाच प्रश्न आहे. एका ओळीत अनेक नावं घोषित केली तरच घोटाळा होतो, तेव्हा तसं करू नका. आजही लिनक्सच्या गाभ्याची जी लेखननियमावली आहे ती चांदणी नावाजवळ ठेवायला सांगते, आणि सी++ लिहिणारे बरेच जण ती प्रकाराजवळ ठेवतात. क्लँग-फॉरमॅट नावाचं एक अवजार लिहिलेला मजकूर नीटनेटका करून देतं. त्यात चांदणी डावीकडे, उजवीकडे की मध्ये हे निवडायची सोयच आहे. भाचा म्हणतो, त्याच्या कचेरीत हे एकदा ठरवून टाकलं आणि जेवणाच्या सुट्टीतले वाद बंद झाले.

मला हे सगळं वाचताना इंदूरची माझी शाळा आठवत होती. शाळा हिंदी माध्यमाची, घर मराठी. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून लिहितात: रामाने, घरात, टेबलाखाली. हिंदीत 'राम ने', 'घर में', 'मेज़ के नीचे', मध्ये जागा सोडून. मी कायम 'रामने' लिहायचे आणि वहीत लाल रेघ यायची. एकदा मी आजीची गीता प्रेसची गीता दप्तरात घालून नेली होती, कारण तिच्या हिंदी अर्थात 'अर्जुनने' असं जोडूनच छापलेलं होतं. बाईंनी पान बघितलं, पुस्तक आदराने कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "वो अलग बात है." सर्वनामांना मात्र हिंदीही जोडूनच लिहिते, 'उसने', 'मुझको'. तेही का, हे विचारायची सोय नव्हती.

तेव्हा मला वाटायचं ही नुसती लिहायची पद्धत आहे, बोलताना कुठे जागा ऐकू येते? भाषांतर करायला लागल्यावर कळलं, की ती जागा काहीतरी सांगत असते. हिंदीत 'भाई और बहन को चिट्ठी लिखी' म्हटलं की तो सुटा 'को' भाऊ आणि बहीण दोघांना मिळून लागतो. मराठीत 'भाऊ आणि बहिणीला पत्र लिहिलं' हे माझ्या पहिल्या संपादकांना चालायचं नाही. प्रत्यय बहिणीला लागला, तिचं सामान्यरूपही झालं, भाऊ तसाच अधांतरी. 'भावाला आणि बहिणीला' असं ते करून घ्यायचे. ज्याला त्याला ज्याचा त्याचा प्रत्यय. मी कधी म्हटलं की वाक्य जड होतंय, तर म्हणायचे, होऊ दे, पण पत्र दोघांनाही पोचू दे.

विशेषणांचंही तेच. हिंदीत 'बूढ़े आदमी और औरतें' लिहिणारा निवांत पुढे जातो. मी 'म्हातारे पुरुष आणि बायका' लिहिलं तर 'म्हातारे' हे पुल्लिंगी रूप पुरुषांपाशी थांबतं, बायका आपोआप तरुण होतात, किंवा निदान त्यांच्या वयाचा प्रश्न उघडा पडतो. 'म्हातारे पुरुष आणि म्हाताऱ्या बायका' लिहायचं तर मूळ लेखकाला खरंच तसं म्हणायचं होतं का, हे मला ठरवावं लागतं. असे निर्णय एका कादंबरीत शेकड्यांनी घ्यावे लागतात.

म्हणजे वीस वर्षं मी या एकाच गोष्टीची राखण करत आले, की एक चिन्ह किती नावांना लागतं. आणि सीमधली चांदणी तर शुद्ध मराठी निघाली. ज्याला त्याला ज्याची त्याची, दोघांना हवी तर दोनदा लिहा. मी ती इंटजवळ सरकवली आणि हिंदीच्या 'को'सारखी वाचली, दोघांत मिळून एक.

या चांदणीबद्दल तिच्या जन्मदात्यालाही पुढे चुटपुट होती, हे वाचून मला बरं वाटलं. १९९३ साली रिचींनी सीच्या घडणीवर एक निबंध लिहिला. त्यात भाषेतल्या सर्वांत जास्त टीका झालेल्या गोष्टींमध्ये ही घोषणेची पद्धत त्यांनी स्वतःच नोंदवली आहे. चांदणी नावाच्या आधी येते यामुळे गुंतागुंतीच्या घोषणा वाचताना नजर नावापासून उजवीकडे जाते, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, कंसांतून वाट काढत. रवी सेठी यांनी, म्हणजे आयआयटी कानपूरमध्ये शिकून पुढे बेल लॅब्सला गेलेल्या संगणकशास्त्रज्ञांनी, दाखवून दिलं होतं की हीच खूण नावाच्या नंतर आली असती तर अशा पुष्कळ घोषणा सोप्या झाल्या असत्या. रिचींनी ते मान्य केलं, पण तोवर बदलायची वेळ निघून गेली होती. नावानंतर, म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखी! सेठींना हे त्यांच्या भाषेमुळे सुचलं असं म्हणायचा मोह मला फार झाला, पण तसं नसणार. निकलाउस विर्ट यांच्या पास्कल भाषेत १९७०पासूनच ती खूण नावानंतर येते आणि विर्ट स्वित्झर्लंडचे. केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक आणि रॉबर्ट ग्रीझमर यांच्याबरोबर केलेली गो ही भाषा २००९ साली जाहीर झाली. तिच्यात घोषणा करताना नावं आधी येतात आणि प्रकार शेवटी, चांदणी त्या प्रकाराला लागलेली. तिथे पी आणि क्यू एकत्र घोषित केले तर दोघेही पॉइंटर होतात. ती हिंदीच्या चालीवर चालते. माझं वाक्य त्या भाषेत बरोबर ठरलं असतं, पण पुस्तक त्या भाषेचं नव्हतं.

चांदणीचा इतिहास खणताना मी आणखी मागे गेले आणि तिथे आमच्याच धंद्यातला एक माणूस भेटला. तिसऱ्या शतकात ओरिगेन नावाच्या पंडिताने बायबलच्या जुन्या कराराचे पाठ सहा स्तंभांत शेजारी शेजारी मांडले होते, एका स्तंभात मूळ हिब्रू, बाकीच्यांत तेच ग्रीक लिपीत आणि वेगवेगळी ग्रीक भाषांतरं. प्रचलित ग्रीक भाषांतरात हिब्रूतला जो मजकूर नव्हता तो त्याने इतर भाषांतरांतून घेऊन भरला आणि तिथे चांदणी घातली, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की ही भर आहे. पण तो सावध माणूस होता. भर कुठे संपते तेही त्याने वेगळ्या खुणेने दाखवलं. पुढे नकलाकारांनी नकला करताना त्या खुणा गाळल्या, आणि मूळ कोणतं आणि भर कोणती हे अनेक पोथ्यांत कायमचं मिसळून गेलं. त्या नकलाकारांना मी नावं ठेवू शकत नाही. त्यांनाही पान स्वच्छ दिसायला हवं असणार.

हे सगळं वाचण्यात मजा होती, पण रात्री झोप लागेना त्याचं कारण वेगळं होतं. कथेच्या भाषांतरात चूक झाली तर एखादा परीक्षणकार एक तिरका शेरा मारतो. हे पुस्तक मात्र दहावी होऊन आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या हातात गेलं होतं, बरीचशी मराठी माध्यमातून आलेली. मला एक मुलगी सारखी दिसायची. पान १२८ वाचून ती क्यूमध्ये पत्ता भरते, मग *क्यू लिहिते, आणि कंपायलर तिला अडवतो. चूक आहे म्हणून इंग्रजीत सांगतो. ती पुस्तक पुन्हा वाचते, पुस्तक म्हणतं क्यू पॉइंटर आहे. अशा वेळी त्या वयात कोणाला चुकीचं समजतात? आधी स्वतःला. आणि मग कोणीतरी शहाणा तिला सांगतो, अगं, हे मराठीत वाचूच नये, इंग्रजीच घ्यायचं. ते वाक्य मला सहन होणारं नव्हतं, कारण या एका बाबतीत ते खरं ठरणार होतं.

प्रकाशकांना कळवलं. त्यांनी वाद घातला नाही, उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्र चिकटवायचं आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करायची असं ठरलं. गेलेल्या प्रती गेल्या.

प्रश्न राहिला दुरुस्ती कशी करायची. भाच्याचं मत ठाम होतं. "एका ओळीत एकच नाव. दोन ओळी कर. मग स्टार कुठेही ठेव, कोणी फसणार नाही." त्याच्या धंद्यात हे बरोबरच आहे, बहुतेक जाणकार हेच सांगतात. पण ओळ माझी नव्हती. मूळ लेखकाने दोन नावं एका ओळीत लिहिली होती, आणि मला तर आता असंही वाटत होतं की ती अडचण विद्यार्थ्यांना भेटायलाच हवी. उद्या दुसऱ्या कोणी लिहिलेली अशी ओळ समोर आली तर? लेखकाच्या ओळीतला खड्डा भाषांतरकाराने बुजवायचा की शेजारी पाटी लावायची, यावर आम्ही कादंबऱ्यांच्या बाबतीत चर्चासत्रं घेतो. मी पाटी लावायचं ठरवलं. ओळ मुळाप्रमाणे एकच ठेवली, चांदणी नावाजवळ नेली. खाली लिहिलं, "येथे पी हा पॉइंटर आहे, क्यू हा साधा पूर्णांक आहे." आणि त्याखाली दोन्ही नावांना चांदणी लावलेली दुसरी ओळ, तुलनेसाठी. पुस्तकभर इतरत्रही चांदण्या उजवीकडे सरकवायला सांगितल्या, पण ते पुढच्या आवृत्तीत.

शुद्धिपत्राची जुळणी करणाऱ्या मुलाचा फोन आला. "मॅडम, 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' दोन्हीकडे पहिली ओळ सारखीच आलीय. तुमच्याकडून चुकून तीच पेस्ट झाली का?"

मी म्हटलं, नाही, चांदणी बघा. डावीकडची पीला लावायची आहे.

"म्हणजे फक्त स्पेस?"

"हो. आणि खालचं वाक्य."

त्याने पीडीएफ पाठवली, मी ती भाच्याकडे पाठवली. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: "आता बरोबर आहे. मी तरी दोन ओळी केल्या असत्या."